पॉइन्सेटिया पुढच्या नाताळात पुन्हा लाल करायचा असेल तर

प्रश्न असा आहे: डिसेंबरात नर्सरीतून आणलेला लालभडक पॉइन्सेटिया मार्चपर्यंत नुसत्या काड्यांवर आला. तो टाकून द्यायचा की जगवायचा? जगवला तर पुढच्या नाताळाला लाल व्हावा म्हणून ऑक्टोबरपासून रोज संध्याकाळी खोक्याखाली झाकावा लागतो असे सांगतात, ते खरे का? घरात लहान मूल आणि मांजर आहे, तर झाड विषारी आहे का? आणि सोबत आणलेल्या ‘ख्रिसमस ट्री’चा शेंडा फार वर चालला आहे, तो छाटला तर चालेल का?

आधी थोडक्यात उत्तरे. झाड टाकू नका. खोके महाराष्ट्रात बहुतेक घरांना लागत नाही, पण रात्रीच्या दिव्यापासून झाड वाचवावेच लागते. विषाची भीती वाजवीपेक्षा फार मोठी झाली आहे. ख्रिसमस ट्रीचा शेंडा मात्र अजिबात छाटू नका.

पॉइन्सेटिया बर्फाळ मुलखातले झाड आहे असे वाटते, कारण आपण ते बर्फाच्या भेटकार्डांवर पाहतो. प्रत्यक्षात ते मेक्सिकोच्या पॅसिफिक बाजूच्या डोंगरउतारांवर आणि ग्वाटेमालात, पानगळीच्या जंगलात वाढणारे तीन-चार मीटर उंचीचे झुडूप आहे. नाताळाशी त्याचे नाते ज्या तास्को गावाच्या परिसरात जुळले असे मानतात, ते गाव साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. पुणेही तेवढ्याच अक्षांशावर. म्हणजे वर्षाच्या कोणत्याही तारखेला तास्कोत जेवढी रात्र, तेवढीच पुण्यात. पावसाचे महिनेही जवळपास तेच, आणि त्यानंतरचा कोरडा काळही. तिथे हे झुडूप हिवाळ्यात रंगते आणि पुढच्या कोरड्या दिवसांत पाने गाळून उभे राहते. तुमच्या कुंडीतल्या मार्चमधल्या काड्या म्हणजे तेच. खात्री करायची तर काडीची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवे दिसले आणि पांढरा चीक आला तर झाड जिवंत आहे. साल तपकिरी, कोरडी आणि बुंध्याशी मऊ झाली असेल तर मूळ सडले आहे. त्या झाडाचा नाद सोडा.

आता लाल रंगाबद्दल. जी लाल दिसतात ती फुलांच्या पाकळ्या नव्हेत, ती रंग बदललेली पाने आहेत. वनस्पतिशास्त्रात त्यांना छदे म्हणतात. खरी फुले मधोमध असतात. भिंग घेऊन पाहिले तर वाटाण्याहून लहान हिरवट घुंड्यांचा झुपका दिसेल. प्रत्येक घुंडी म्हणजे एक चषकासारखा फुलोरा. आत एकच मादीफूल आणि भोवती बरीच नरफुले असतात, आणि प्रत्येक नरफूल म्हणजे फक्त एक पुंकेसर. चषकाच्या एका कडेला पिवळ्या जाड ओठासारखी मधुग्रंथी असते, तिच्यावर मधाचा थेंब साचतो आणि त्यासाठी मुंग्या येतात. मुंग्या दिसल्या म्हणून लगेच फवारणी करू नका, आधी पानांखाली पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) आहे का ते बघा. नसेल तर त्या मधासाठीच आल्या आहेत. ही घुंड्यांची रचना सगळ्या युफोर्बिया प्रजातीत सारखी असते. कुंपणाचा शेर, काटेरी ‘क्राउन ऑफ थॉर्न्स’ आणि अंगणात उगवणारे दुधी नावाचे तण ही सगळी याचीच भावंडे आहेत.

याच घुंड्या खरेदीच्या वेळी उपयोगी पडतात. घुंड्या बंद, घट्ट आणि हिरव्या असतील तर झाडाचे दोन महिने शिल्लक आहेत. त्यातून पिवळा पराग सांडतोय किंवा घुंड्याच गळून गेल्या आहेत, तर छदे आता उतरणीला लागली. कितीही लाल दिसले तरी घेऊ नका.

पॉइन्सेटिया लहान दिवसाचे झाड आहे. खरे तर त्याला मोजायची असते ती रात्र. अखंड अंधार साधारण बारा तासांच्या आसपास गेला की शेंड्याची पानांची वाढ थांबते आणि फुलांची तयारी सुरू होते. २२-२३ सप्टेंबरला दिवस-रात्र जवळपास समान होतात, त्यानंतर रात्र वाढत जाते. म्हणून सप्टेंबरअखेर ते १० ऑक्टोबर या पंधरवड्यात उघड्यावरचे झाड आपोआप फुलावर येते. तिथून पूर्ण रंग भरायला जातीप्रमाणे सात ते दहा आठवडे लागतात. हिशेब केला तर तारीख नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पडते. युरोप-अमेरिकेत तेव्हा झाड थंडीमुळे दिवाणखान्यात असते आणि तिथे रात्री अकरापर्यंत दिवे चालू असतात, म्हणून त्यांना खोके लागते. तो सल्ला जसाच्या तसा आपल्याकडे आला, एवढेच.

आपल्याकडे घोळ होतो तो वेगळ्या दिव्यांनी. रस्त्याचा एलईडी दिवा, सोसायटीच्या कंपाउंडचा फ्लडलाइट, जिन्यातला रात्रभर जळणारा दिवा आणि, सगळ्यांत हमखास, गॅलरीतला आकाशकंदील. दिवाळी नेमकी या सात-आठ आठवड्यांच्या मधोमध येते. कंदील आणि दिव्यांच्या माळा वसुबारसेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत, काही घरांत त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत लागलेल्या असतात, आणि पॉइन्सेटियाची कुंडी त्याच गॅलरीत असते. मग डिसेंबरात ‘आमचे झाड हिरवेगारच राहिले, खत कोणते घालू?’ हा प्रश्न येतो. खताचा यात काही संबंध नाही. वीसेक लक्सचा, म्हणजे अगदी मंद प्रकाशसुद्धा रोज रात्री बराच वेळ पडला तर फूल लांबते, आणि मध्यरात्रीच्या आसपासचा प्रकाश सर्वांत जास्त नडतो. ढोबळ कसोटी अशी: रात्री दहा वाजता कुंडीजवळ उभे राहून वर्तमानपत्राचा मजकूर वाचता आला, तर त्या जागी झाडाला अंधार नाही. जमिनीत लावलेल्या मोठ्या झुडपावर हे स्पष्ट दिसते. दिव्याकडची बाजू हिरवी राहते, पलीकडची लाल होते.

उपाय म्हणजे जागा बदलणे. २० सप्टेंबरला कुंडी गच्चीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात किंवा न वापरातल्या खोलीच्या खिडकीत न्या. दिवसा किमान चार-पाच तास चांगले ऊन हवेच. ऊन नसेल तर अंधार देऊनही छदे लहान आणि फिकी येतात. जागा नसेलच तर झाका, पण कसे ते समजून घ्या. व्हिडिओत सांगतात ‘संध्याकाळी पाचला खोके घाला’. ऑक्टोबर हीटमध्ये पाच वाजता बंद खोक्यात झाड कोंडले तर आतले तापमान तिशीच्या वर राहते आणि उष्णता स्वतःच फूल लांबवते. म्हणून झाकायचे ते सूर्य मावळल्यावर, साडेसहा-सातला, आणि काढायचे सकाळी आठला; तेरा तास पुरेसे आहेत. घरातले आणि बाहेरचे दिवे रात्री दहा-अकराला बंद होत असतील तर तेव्हा खोके उचलून ठेवा म्हणजे झाडाला गार हवा मिळेल, आणि पहाटे दिवे लागण्याआधी परत घाला. पुठ्ठ्याला फटी असतील तर वरून जाड काळे कापड टाका. आठवड्यातून एखादी रात्र चुकली तर झाड मरत नाही, फक्त तारीख पुढे जाते. छदे पूर्ण रंगून घुंड्या दिसू लागल्या की झाकणे बंद. त्यानंतर दिव्याखाली खुशाल ठेवा.

उष्णतेचा मुद्दा मुंबई-ठाणे-कोकणपट्टीला विशेष लागू आहे. फुलाची तयारी नीट व्हायला रात्रीचे तापमान १६ ते २१ अंशांच्या दरम्यान असावे. २३-२४ अंशांच्या वर रात्री राहिल्या तर अंधार मिळूनही फूल लांबते. पुणे, नाशिक, सातारा इथे ऑक्टोबरच्या मध्यानंतर रात्री उतरतात. मुंबईत त्या नोव्हेंबरात उतरतात. त्यामुळे मुंबईतले झाड जानेवारीत लाल झाले तर त्यात तुमची चूक नाही. हाताशी एवढेच आहे: कुंडी पूर्वेच्या खिडकीत ठेवा, तापलेल्या पश्चिम भिंतीला टेकवू नका आणि एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर तर मुळीच नको.

आता वर्षभराची कामे, मार्चपासून. छदे गळाली की पाणी कमी करा. मार्चच्या शेवटी सगळ्या फांद्या १० ते १५ सेंटिमीटर ठेवून कापा, प्रत्येकीवर तीन-चार डोळे (जिथून फूट येते त्या गाठी) राहतील असे. हातमोजे घाला. चीक थांबवायला कापलेल्या जागी ओले फडके दाबून धरा. नंतर हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका. नवी फूट दोन-तीन सेंटिमीटर झाली की कुंडी बदला: सहा इंची असेल तर आठ इंची, त्याहून मोठी नको, कारण जादा माती ओली राहते आणि मूळ सडते. मिश्रण दोन भाग कोकोपीट, एक भाग लाल माती किंवा पोयटा, एक भाग गांडूळखत, आणि मिळाले तर मूठभर परलाइट (निचऱ्यासाठीचे हलके पांढरे दाणे). काळी माती वापरू नका, निचरा होत नाही. नर्सरीतून येताना कुंडीला गुंडाळलेला चकचकीत कागद घरी आल्याबरोबर काढा किंवा तळाला भोके पाडा. पहिल्या महिन्यात मरणारी बरीच झाडे त्या कागदात साचलेल्या पाण्यानेच मरतात. प्लॅस्टिकची पिशवीही त्याच दिवशी काढा. पिशवीत झाडाचाच इथिलीन वायू कोंडतो आणि पानांचे देठ खाली वाकतात. पिकलेल्या केळ्यांच्या टोपलीशेजारी ठेवल्यावरही तेच होते.

एप्रिल-मेमध्ये ५० टक्के शेडनेट किंवा सकाळचे ऊन. जूनपासून पूर्ण ऊन चालते, पण धो धो पावसाखाली कुंडी ठेवू नका. जून-जुलै हा कलमांचा काळ. ८ ते १० सेंटिमीटरचा कोवळा शेंडा डोळ्याच्या लगेच खाली कापा, वरची दोन-तीन पाने ठेवा, चीक थांबेपर्यंत टोक पाण्यात धरा, मुळे फुटण्याची पावडर लावा आणि ओलसर कोकोपीट-परलाइटमध्ये खोचा. वर पारदर्शक पिशवी, जागा सावलीची. तीन ते चार आठवड्यांत मुळे येतात. कोकोपीट पिळल्यावर पाणी टपकत असेल तर ते जास्त ओले आहे, त्यात बुंधा काळा पडतो.

शेंडा खुडणे हे सगळ्यांत महत्त्वाचे काम आणि सगळ्यांत जास्त चुकणारेही. प्रत्येक लाल झुबका फांदीच्या टोकाला येतो. जितकी टोके तितके झुबके. जूनअखेर एकदा आणि ऑगस्टच्या मध्यावर शेवटचे, खाली पाच-सहा पाने ठेवून शेंडा खुडा. सप्टेंबरचा पहिला आठवडा उलटल्यावर हात लावू नका. नव्या फुटीला फुलावर येण्याआधी चार-पाच आठवडे वाढायला हवेत. गणपतीच्या गडबडीत राहून गेले म्हणून सप्टेंबरअखेर खुडले, तर झुबके चिमुकले येतात किंवा येतच नाहीत.

खत एप्रिल ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखे असलेले विद्राव्य खत) लिटरला एक ग्रॅम. ऑक्टोबरपासून त्याच्याशी आलटून पालटून कॅल्शियम नायट्रेट लिटरला एक ग्रॅम. दोन्ही एकाच पाण्यात मिसळू नका, साका बसतो. महिन्यातून एकदा मॅग्नेशियम सल्फेट लिटरला एक ग्रॅम. लाल छदांच्या कडा जळल्यासारख्या तपकिरी झाल्या तर बहुधा कॅल्शियम कमी पडले किंवा खत जास्त झाले. मधल्या पानांच्या कडा आधी पिवळ्या आणि मग करपलेल्या दिसल्या तर मॉलिब्डेनमचा विचार करा. या झाडाला ते इतरांपेक्षा जास्त लागते, म्हणून मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्य घेताना लेबलावर मॉलिब्डेनम आहे का ते वाचा. बोअरच्या जड पाण्यावर नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असे दिसते. ती लोहाची कमतरता, पाण्यामुळे मातीचा सामू (पीएच) वाढल्याने आलेली. तिथे चिलेटेड लोह द्या, नुसते खत वाढवून उपयोग नाही.

कीड म्हणजे मुख्यतः पांढरी माशी. पान हलवले की पांढरा धुरळा उडतो. पिवळा चिकट सापळा लावा आणि नीम तेल ५ मिली, द्रव साबण १ मिली, एक लिटर कोमट पाणी असे पानांच्या खालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. हे रंग चढण्याआधी करायचे. लाल छदांवर तेल आणि साबणाचे डाग कायमचे बसतात.

आणखी एका गोष्टीची तयारी ठेवा. पुढच्या वर्षी झाड उंच आणि विरळ होईल. नर्सरीतले ठेंगणे, गच्च झाड वाढरोधक औषधांनी तसे ठेवलेले असते आणि त्याचा परिणाम काही महिन्यांत ओसरतो. भरपूर फांद्या फुटण्यामागे तर आणखी गमतीशीर कारण आहे: या व्यापारी जातींमध्ये फायटोप्लाझ्मा नावाचा जिवाणूसारखा सूक्ष्म जीव मुद्दाम टिकवलेला असतो. तो झाडाचे शेंड्याचे वर्चस्व मोडतो, म्हणून बाजूच्या फांद्या फुटतात. हे १९९७ मध्ये सिद्ध झाले. कलमातून तो पुढे जातो, बियांतून जात नाही. वाड्यांच्या आणि बंगल्यांच्या कुंपणाशी दिसणारी जुनी, उंच, सडपातळ पॉइन्सेटिया याविना वाढलेली असतात, आणि माझ्या मते दिसायला तीच जास्त डौलदार.

नाताळशी संबंध कसा आला, हेही विचारले जाते. मेक्सिकोतले मूळ रहिवासी याला क्वेतलाशोचित्ल म्हणत, छदांपासून तांबडा रंग काढत आणि चीक औषधात वापरत. सतराव्या शतकात तास्को परिसरातले फ्रान्सिस्कन धर्मगुरू ख्रिस्तजन्माच्या मिरवणुकीत ते वापरू लागले, कारण त्या दिवसांत तेच तेवढे लाल असे. लोककथेत पेपिता नावाच्या गरीब मुलीने बाळ येशूसाठी रस्त्याकडेचे तण नेले आणि वेदीपुढे ते लाल झाले. अमेरिकेत ते जोएल पॉइन्सेट या मेक्सिकोतल्या पहिल्या अमेरिकी राजदूताने १८२०च्या दशकात नेले, १८२९ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ते मांडले गेले. पुढे हाच माणूस युद्धमंत्री असताना मूळ अमेरिकी जमातींना सक्तीने हलवण्यात आले, त्यामुळे तिकडे काहीजण आता जुने नावच पसंत करतात. कुंडीतले नाताळचे झाड म्हणून त्याचा व्यापार कॅलिफोर्नियातल्या ‘एके’ आडनावाच्या कुटुंबाने विसाव्या शतकात उभा केला. होली, आयव्ही, मिसलटो ही युरोपची नाताळची झाडे हिवाळ्यातही हिरवी राहतात म्हणून सणात आली. पॉइन्सेटिया मात्र वर्षातल्या मोठ्या रात्रींमुळेच रंगते म्हणून.

विषाबद्दल. १९१९ मध्ये हवाईत एक मूल पान खाऊन दगावले अशी बातमी पसरली आणि ती नंतर निराधार ठरली, तरी भीती राहिली. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडच्या २२,७९३ नोंदींचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकही मृत्यू नव्हता आणि नव्वद टक्क्यांहून जास्त जणांना काहीही झाले नव्हते. मुलाने पान चावले तर तोंड धुवा, पाणी द्या. मांजराला लाळ सुटेल, एखादी उलटी होईल. चीक मात्र त्वचेला आणि डोळ्याला झोंबतो, लॅटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांना जास्त. पण यावरून ‘सगळे चीकवाले निर्धोक’ असे समजू नका: याच प्रजातीतल्या शेराचा चीक डोळ्यात गेला तर खरोखर इजा होते, भरपूर पाण्याने धुऊन ताबडतोब डॉक्टरकडे जावे लागते.

राहिला ख्रिसमस ट्री. नर्सरीत या नावाने मिळते ते बहुधा ॲरोकेरिया, दक्षिण गोलार्धातले झाड. एक जात नॉरफोक बेटावरची, दुसरी न्यू कॅलेडोनियाची कुक पाइन. दोन्ही ठिकाणी कॅप्टन कुक १७७४ मध्ये पोचला होता. रोपे लहानपणी सारखी दिसतात आणि एकीच्या नावाने दुसरी सर्रास विकली जाते. याचा शेंडा आणि आडव्या फांद्या यांची घडण वेगळी असते. शेंडा छाटला की आडवी फांदी उठून नवा शेंडा होत नाही. खोडातून दोन-तीन शेंडे फुटतात आणि मजल्यामजल्यांचा आकार कायमचा बिघडतो. आडव्या फांदीचे कलम जगले तरी ते आडवेच वाढत राहते. खालची फांदी सुकून गेली की त्या जागी नवी येत नाही, म्हणून कोरड्या एसीच्या झोतात ठेवू नका आणि सोनेरी-रुपेरी रंगाचे स्प्रे मारू नका. उंची नको असेल तर कुंडी लहान ठेवा, खत कमी द्या. जमिनीत लावायचा विचार असेल तर हे झाड तीस मीटरच्या वर जाते हे लक्षात घेऊन घरापासून आणि विजेच्या तारांपासून लांब लावा. कुक पाइन असेल तर ती वाढताना विषुववृत्ताकडे झुकते. २०१७ मधल्या एका अभ्यासात पाच खंडांतली २५६ झाडे मोजली, सरासरी कल साडेआठ अंशांचा निघाला. आपल्याकडे ती दक्षिणेकडे कलेल, तेव्हा बांबू बांधून सरळ करत बसू नका.

वसईत आणि गोव्यात सुरूची फांदी बादलीत वाळू भरून उभी करतात, तो सगळ्यांत स्वस्त आणि सोपा पर्याय. सुरू सूचिपर्णी नाही, सपुष्प झाड आहे; जे सुईसारखे दिसते ती बारीक हिरवी फांदी असते आणि पाने तिच्या सांध्यांवरचे इवलेसे दात. कापलेली फांदी आठवडाभर तजेलदार ठेवायची तर वाळू रोज ओली करा, २२-२३ डिसेंबरच्या आधी कापू नका, आणि वाळल्यावर ती झटकन पेटते म्हणून मेणबत्त्या लांब ठेवून एलईडी माळच लावा.